इंचभर लाट आणि अडीच हजार कोटी किलोमीटर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रेल्वेचा जो रूळ बाहेर पडतो तो २६० मीटर लांब असतो. सलग. १३० मीटरचे दोन रूळ कारखान्यातच जोडलेले. मीटरला ६० किलो धरा, म्हणजे एका रुळाचं वजन झालं १५,६०० किलो. वाहून नेताना तो एकामागोमाग एक जोडलेल्या कितीतरी वाघिणींवर पसरून पडतो, आणि मार्गाला वळण आलं की साडेपंधरा टनांचं हे पोलाद वेताच्या छडीसारखं निमूट वाकतं. देशभरातल्या रुळांचा फार मोठा वाटा इथलाच. तेव्हा तुम्ही मुंबईत बसून हे वाचत असा नाहीतर परभणीत, या कारखान्याच्या लोखंडावरून तुमचा प्रवास झालेला आहे असं बेलाशक समजा.

चला, या रुळाच्या एका टोकाला उभे राहू. हातात घण. दुसऱ्या टोकाला एक गडी रुळाला कान लावून बसलाय. घाला घाव!

एका घावाच्या तीन बातम्या निघाल्या. पहिली प्रकाशाची. घण रुळावर पडलेला गड्याला दिसला तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत. दुसरी पोलादातून. लांब कांबीतून आवाज सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे २६० मीटरला सेकंदाचा विसावा भाग. तिसरी हवेतून, सेकंदाला ३४३ मीटरने, रमतगमत. तिला लागला पाऊण सेकंद. घाव एकच, पण गड्याच्या कानाला तो दोनदा ऐकू आला. (चालू रेल्वेमार्गावर हा प्रयोग कृपया कोणी करू नये.)

ही गंमत पॅरिसमध्ये जाँ-बाप्तिस्त बियो या शास्त्रज्ञाने १८०८ साली खरोखर मोजली. पाण्यासाठी घातलेली बिडाची नवी नळवाहिनी त्याला मिळाली, ९५१ मीटर लांब. एका टोकाला ठोका मारला, दुसऱ्या टोकाला दोन ठोके आले, मध्ये अडीच सेकंदांचं अंतर. अडीच सेकंद! तेवढ्यात माणूस सावकाश आपलं पूर्ण नाव सांगून मोकळा होतो.

पण २६० मीटर म्हणजे काहीच नाही. मुंबई–पुणे घेऊ. रस्त्याने १५० किलोमीटर, द्रुतगती मार्गावर घाटात कोंडी नसेल तर तीन तास आणि असेल तर देवाची मर्जी. हाच पल्ला आवाजाने हवेतून काटायचा ठरवला तर त्याला ७ मिनिटं १७ सेकंद लागतील. पाण्यातून सोडला तर १०० सेकंद. भिलाईच्या रुळातून सोडला तर ३० सेकंद. आणि प्रकाश? अर्धा मिलिसेकंद. एका सेकंदाचे दोन हजार तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तेवढ्यात तो पुण्याला पोहोचला. एका सेकंदात मुंबईहून पुण्याला जाऊन परत, पुन्हा जाऊन परत, अशा त्याच्या हजार फेऱ्या होतात. आवाजाला हजार फेऱ्यांना १० दिवस लागतील.

हवा तापली की आवाजही जरा पळायला लागतो. भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो. त्या मे महिन्यातल्या दुपारचा आवाज सेकंदाला ३५८ मीटर धावतो, जानेवारीच्या पहाटेचा ३३७. फरक २१ मीटरचा, पण ताशी मोजला तर ७५ किलोमीटर. म्हणजे उन्हाळ्यातली हाक हिवाळ्यातल्या हाकेला चांगल्या पळत्या एसटीच्या वेगाने मागे टाकते. घामाघूम होऊन हाक मारणाऱ्याला याचा काडीचा पत्ता नसतो.

आता खरी शर्यत लावू. पाणी, आवाज आणि प्रकाश यांना एकाच मापाचे कपडे घालू. तिघांचीही लाट नेमकी एक इंच लांब, एका शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंत. कोणाला लांबीचा फायदा नाही, कोणाची तक्रार नको.

इंचभर लांबीचा तरंग भिलाईच्या मरोदा तलावावर वाऱ्याच्या झुळकीसरशी उठतो. सेकंदाला साधारण साडेनऊ तरंग, आणि वेग सेकंदाला २४ सेंटीमीटर. हातातली बादली घेऊन चालणारा माणूस त्याला सहज मागे टाकेल. इंचभर लांबीची आवाजाची लाट हवी असेल तर सेकंदाला १३,५०० कंपनं हवीत, अगदी बारीक चिरका सूर. तोही त्याच ३४३ मीटरने धावतो. आणि इंचभर लांबीचा प्रकाश? तो डोळ्याला दिसत नाही, पण जातकुळी प्रकाशाचीच. तुमच्या गच्चीवर जी टीव्हीची तबकडी आभाळाकडे तोंड करून बसलीय ना, ती जवळपास याच मापाच्या लाटा झेलते. सेकंदाला सुमारे १,२०० कोटी. साडेनऊ, तेरा हजार पाचशे आणि बाराशे कोटी! लांबी तिघांची सारखीच, एक इंच.

सोडा तिघांना मुंबईहून. प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदात पुण्यात. आवाज सव्वासात मिनिटांत. पाण्याचा तरंग सव्वासात दिवसांत, तोही रात्रंदिवस न थांबता. तसा तो अगदीच टाकाऊ नाही म्हणा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर त्याला १२ दिवस पुरतील. पालखी मुक्काम करत, कीर्तनं ऐकत जाते म्हणून तिला जास्त लागतात, एवढंच.

पाण्याची आणखी एक खोड आहे, ती बाकी दोघांना नाही. पाण्यात जेवढी लाट लांब तेवढी ती पळणारी. मरोद्यावर मीटरभर लांबीची लाट ताशी साडेचार किलोमीटरने चालते, म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या वेगाने. अरबी समुद्रातली शंभर मीटर लांबीची लाट ताशी ४५ किलोमीटरने येते, म्हणजे मुंबईतल्या रिक्षाला हेवा वाटेल अशी. आवाजाने असा दुजाभाव केला असता तर काय झालं असतं कल्पना करा! मंद्रातला सा मध्य सप्तकातल्या सा च्या जवळजवळ दीडपट वेगाने धावला असता आणि तार सा मागून धापा टाकत आला असता. गायकाने तान एका क्रमाने घ्यायची आणि मागच्या रांगेला ती भलत्याच क्रमाने ऐकू यायची. सवाई गंधर्वला मागचं तिकीट कोणी काढलंच नसतं. हवेतले सगळे सूर एकाच वेगाने जातात, या एका उपकारावर आपलं अख्खं संगीत उभं आहे.

सुरांवर आलोच आहोत तर मापं घेऊन टाकू. पेटीवरची पांढरी एक दाबा. तिच्या सुराची एक लाट सव्वाचार फुटांहून थोडी जास्त लांब. माणसाला ऐकू येणारा सगळ्यात खर्जातला आवाज सेकंदाला २० कंपनांचा. त्याची लाट १७ मीटर, जवळपास दीड एसटी. सगळ्यात वरचा २०,००० कंपनांचा. त्याची लाट पावणेदोन सेंटीमीटरही नाही. वीस ते वीस हजार म्हणजे दहा सप्तकं! आणि डोळा? तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळं इंद्रधनुष्य, सगळी पैठणी, सगळी रंगपंचमी मिळून एक सप्तकही पुरं भरत नाही. रंगांवर एवढ्या कविता झाल्या, आणि सगळ्या एका अपुऱ्या सप्तकावर.

याच मापांमुळे स्वयंपाकघरातून आईने मारलेली हाक दोन खोल्या आणि एक कोपरा ओलांडून येते, पण आई दिसत नाही. दार तीन फूट रुंद. हाकेची लाट दाराएवढी किंवा त्याहून मोठी, ती दारातून बाहेर पडताना पसरते, वळते, कोपरे गाठते. नारिंगी प्रकाशाच्या मात्र १५ लाख लाटा त्याच दाराच्या रुंदीत शेजारी शेजारी मावतात. एवढ्याशा लाटेला दार म्हणजे मोकळं मैदान. ती वळायची तसदी घेत नाही, सरळ जाते.

नारिंगी रंग मी उगाच निवडला नाही. भिलाईच्या झोतभट्टीतून दीड हजार अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड वाहतं तेव्हा डोळ्यांपुढे तोच पिवळा-नारिंगी झगझगाट येतो. सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ला, आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ला. तेव्हापासून तिथे लोखंड वाहतंय आणि प्रकाश उधळतोय. त्या प्रकाशातली एकच छटा घेऊ, जिची लाट एका मिलिमीटरच्या सोळाशे-सतराशे भागांपैकी एक भाग एवढी आहे. एका इंचात अशा ४२ हजार लाटा. आणि सेकंदाला कंपनं किती? ५०० लाख कोटी.

हा आकडा तसाच गिळायचा नाही. रुपयांत बघू. भारत सरकारचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटी रुपयांचा. सगळी रेल्वे, सगळं सैन्य, सगळे पगार, सगळी व्याजं, सगळी धान्याची सवलत त्यात आली. प्रत्येक कंपनाला एक रुपया ठेवायचा म्हटलं, तर भट्टीतल्या नारिंगी प्रकाशाच्या एका सेकंदाला असे दहा अर्थसंकल्प लागतील. एका सेकंदाला दहा वर्षांचा देशाचा खर्च! मोजायला बसलो, सेकंदाला एक या हिशेबाने, न जेवता न झोपता, तर मोजणी संपायला एक कोटी ५८ लाख वर्षं. आणि तोवर भट्टीपुढचा कामगार डोळ्यांवर काळी काच ओढून 'चांगलं तापलंय' म्हणून पुढच्या कामाला लागलेला असतो. त्याच्या डोळ्याने तो ५०० लाख कोटींचा हिशेब रंग म्हणून एका नजरेत केलेला असतो.

रूळ तयार झाला की तो निर्दोष आहे का हे कोण सांगतं? आवाजच. फक्त आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला २० ते ४० लाख कंपनांचा. मार्गावर बसवलेल्या रुळांचीही अशीच तपासणी होते. रेल्वेतली माणसं तिला 'यूएसएफडी' म्हणतात. दोन माणसं एक छोटी ढकलगाडी रुळावरून हळूहळू ढकलत नेतात. गाडीला खालून शोधक टेकलेले, आणि एका बारीक नळीतून रुळाच्या माथ्यावर पाणी सांडत असतं. पाणी कशाला? कारण शोधक आणि पोलाद यांच्यात केसाएवढीही हवा राहिली तर खेळ खलास. पोलादातून हवेत जाताना आवाजाची एक लाख भाग शक्ती असेल तर चार भागही पलीकडे जात नाहीत, बाकी सगळी उलटी फिरते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की वाट मोकळी.

आणि याच अडचणीतून रुळाच्या पोटातली भेग पकडली जाते. भेगेत हवा असते. आवाज तिच्यावर आपटतो आणि मागे येतो. ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच. जाड पोलादाच्या आत ही बारीक लाट सेकंदाला ५.९ किलोमीटरने धावते, म्हणजे माथ्यापासून तळापर्यंत जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांतले फक्त ५८ भाग. सेकंदाला १७,००० फेऱ्या होतील एवढा वेग! ४० लाख कंपनांच्या लाटेची लांबी दीड मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून आखूड. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा दोषही तिच्या तावडीतून सुटत नाही. पांढरी एकचा सव्वाचार फुटी सा रुळात सोडला असता तर त्याला ती भेग दिसलीही नसती.

आता एक उलटी गंमत, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडणारी. आवाजाला जितकं घट्ट, ताठ, दणकट माध्यम मिळेल तितका तो खूश. हवेत ३४३ मीटर, पाण्यात दीड किलोमीटर, पोलादात पाच-सहा किलोमीटर आणि हिऱ्यात तब्बल १८ किलोमीटर सेकंदाला. हिऱ्याचा रूळ घातला तर मुंबईचा ठोका सव्वाआठ सेकंदांत पुण्यात! प्रकाशाचं नेमकं उलटं. पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत २ लाख आणि हिऱ्यात फक्त सव्वा लाखाच्या आत. बोटातल्या अंगठीतल्या एकाच खड्यात प्रकाश अर्ध्याहून जास्त वेग गमावतो आणि आवाज हवेतल्या वेगाच्या पन्नासपट सुसाट सुटतो. आणि सगळं माध्यम काढून घेतलं, निव्वळ पोकळी ठेवली, की प्रकाश सम्राट आणि आवाज शून्य. हळू नव्हे, शून्य. त्याला हलवायलाच काही उरत नाही.

म्हणजे सूर्यावर कितीही गडगडाट होत असला तरी तो आपल्यापर्यंत यायचा नाही. पण समजा भिलाईने सूर्यापर्यंत रूळ टाकला. १५ कोटी किलोमीटर. वजन ९०० कोटी टन. वर्षाला १० लाख टन रूळ तयार केले तरी ९,००० वर्षं लागतील. सगळ्या जगाने बाकीचे पूल, मोटारी, भांडी, खिळे बंद ठेवून वर्षाकाठचं सुमारे १९० कोटी टन पोलाद याच कामाला दिलं तरी पावणेपाच वर्षं. रूळ वितळणार नाही, वाकणार नाही असंही समजू, एवढं समजलोच आहोत तर. सूर्याकडच्या टोकाला घण घातला. ठोका पृथ्वीवर कधी? ३४७ दिवसांनी. दिवाळीतला ठोका पुढच्या दसऱ्याच्या आसपास. मध्ये हवा भरलेली असती तर हवेतला आवाज १४ वर्षांनी आला असता. प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत येतो, रोज, फुकट, रुळाशिवाय.

वेगाचं खूप झालं. जोर बघू. कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या शक्तीत एक लाख कोटीपट फरक असतो. एकावर बारा शून्यं. हे विहिरींत मोजू. जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे पाण्याचा एक थेंब धरा. मग कान दुखवणारा आवाज म्हणजे ५ कोटी लिटर. २० फूट व्यासाची, ४० फूट पाणी असलेली भरली विहीर साडेतीन लाख लिटरच्या जरा वर भरते. अशा विहिरी लागतील सुमारे दीडशे. एकाच कानात एक थेंबही मोजला जातो आणि दीडशे विहिरीही! त्या एका थेंबाएवढ्या आवाजाला हवा कानाच्या पडद्यापाशी किती हलते? हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागाएवढी. अणूचा दहावा भाग, आणि आपण विचारतो, 'कोण आहे रे?'

पण थांबा, प्रकाशाला विसरलो. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर जी शक्ती पडते ती कान दुखवणाऱ्या आवाजाच्या हजारपट असते. दीड लाख विहिरी. एवढ्या जोराचा आवाज असता तर त्याच्यासमोर उभं राहणं अशक्य झालं असतं. आणि आपण त्यात पापड वाळत घालतो.

पृथ्वीवर आवाजाने गाठलेला पल्ला पाहायचा तर १८८३ सालात जावं लागतं. २७ ऑगस्टला सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याचा गडगडाट ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. आवाजाने वाटेत घालवले ४ तास. भिलाई ते मॉस्को सरळ अंतर ५,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मॉस्कोहून यंत्रं पाठवणाऱ्यांना भिलाईतला दणका तिथे बसून ऐकायचा, तर आवाज क्राकाटोआहून थोडासाच मोठा लागला असता.

पाण्याच्या लाटेला हसलो आपण, तेही परत घ्यायला हवं. ती लांब झाली आणि समुद्र खोल असला की तिच्यासारखी तीच. २६ डिसेंबर २००४ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ उसळला. चार किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामीचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर असतो, मुंबई–पुणे तेरा मिनिटांच्या आत. दोन तासांनी 'जेसन-१' हा उपग्रह वरून गेला तेव्हा भर समुद्रात त्या लाटेची उंची किती मोजली? सुमारे ६० सेंटीमीटर. गुडघ्याच्या जरा वर. पण एका शेंड्यापासून दुसऱ्यापर्यंतची लांबी शेकडो किलोमीटर. उथळ पाण्यात आली की तिचा वेग घसरतो, दहा मीटर खोलीत ताशी ३६ किलोमीटर, आणि मागचं पाणी पुढच्यावर चढतं. त्या दिवशी सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. हा आकडा कशात बदलून सांगायचा नाही.

चेन्नईला लाट पोहोचली साधारण अडीच तासांनी. अंतर सुमारे २,००० किलोमीटर. हेच अंतर भूकंपाचा हादरा, म्हणजे खडकातून धावणारा आवाजच, चार-पाच मिनिटांत काटतो. समुद्राच्या पाण्यातून आवाज २२ मिनिटांत. आणि रेडिओलहर ७ मिलिसेकंदांत. चार लाटांची शर्यत, आणि जी मारते ती सगळ्यात शेवटी पोहोचते. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेत जे त्सुनामी इशारा केंद्र चालतं, ते या फरकावरच जगतं. हादरा चार मिनिटांत कळला, निरोप मिलिसेकंदांत गेला, की किनाऱ्याच्या हातात दोन तास उरतात.

आता जरा हलकं होऊ. भिलाई हावडा–मुंबई मुख्य मार्गावर आहे, तेव्हा फलाटावर उभे राहून भोंगा ऐकू. ताशी १३० किलोमीटरने भोंगा वाजवत गाडी आली आणि सुसाट निघून गेली, की येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांत जवळपास गंधारापासून षड्जापर्यंतची उतरण असते. बाइस बालो या डच शास्त्रज्ञाने १८४५मध्ये उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवाले बसवून हे तपासलं होतं. (विज्ञानाच्या इतिहासातली ही बहुधा सगळ्यात मजेदार वरात.) प्रकाशालाही हाच नियम लागू. मग गाडी वेगाने सिग्नलकडे गेली तर लाल दिवा हिरवा दिसेल की! दिसेल. फक्त लोको पायलटला गाडी सेकंदाला ६०,००० किलोमीटरने हाकावी लागेल. म्हणजे १३० किलोमीटर ताशी वेगाच्या साडेसोळा लाखपट. मुंबई ते भिलाईशेजारचं दुर्ग, सुमारे १,१०० किलोमीटर, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत. लाल सिग्नल ओलांडल्याबद्दल त्याला धरता यायचं नाही, आणि वेगमर्यादेबद्दल जो दंड बसेल तो भरायला वरचे दहा अर्थसंकल्प लागतील.

मग आपल्या इंचभर लाटेला सगळ्यात लांब कुठे पाठवता येईल? माणसाने केलेली सर्वांत दूरची वस्तू म्हणजे व्हॉयेजर-१ यान. ५ सप्टेंबर १९७७ला ते सुटलं आणि आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. मुंबई–पुण्याच्या जवळपास सतरा कोटी एकेरी फेऱ्या. त्याच्यावरचा प्रक्षेपक २३ वॅटचा, घरातल्या जरा मोठ्या एलईडी बल्बएवढा. आणि तो पाठवतो त्या रेडिओलहरीची लांबी साडेतीन सेंटीमीटर. आपल्या इंचाहून बोटभरही जास्त नाही! म्हणजे गच्चीवरच्या तबकडीच्या भावकीतलीच लाट, २३ वॅटच्या जोरावर, २,५०० कोटी किलोमीटरवरून येते, आणि इथल्या प्रचंड तबकड्या ती झेलून वाचतातही. प्रवास किती वेळाचा? २३ तास आणि थोडी मिनिटं. मुंबईत काल संध्याकाळी चहा पीत होतात तेव्हा निघालेला निरोप आज त्याच चहाच्या वेळी दारात.

आवाजाला याच पल्ल्याला पाठवायचं, वाटभर हवा भरलीय असं समजून, तर २,३०० वर्षं. सम्राट अशोकाच्या काळाच्या आसपास कोणी तिकडून हाक मारली असती तर ती आत्ता आपल्यापर्यंत आली असती, आणि ओ द्यायची तर ती पोहोचायला आणखी २,३०० वर्षं. आणि मरोदा तलावावरचा आपला इंचभर तरंग, सेकंदाला २४ सेंटीमीटर, तो निघाला तर ३३ लाख वर्षं. तेवढ्या वेळात रेडिओलहरीच्या या पल्ल्यावर सव्वाशे कोटींच्या आसपास खेपा होतील, आणि तेही तरंग वाटेत एकदाही विरला नाही, वारा पडला नाही आणि कोणी म्हैस पाण्यात उतरली नाही, असं धरून.